वीस वाटे

रॉटरडॅमच्या हॉटेलात न्याहारीला बसताना डॉ. मंदाकिनी परुळेकर यांनी गळ्यातली कंठी काढून पर्समध्ये ठेवली. खाताना ती घालायची नाही, हा त्यांचा नेम होता. समोर बसलेल्या शर्वाणीच्या गळ्यात मात्र ती होतीच. शर्वाणी तांडेल त्यांची विद्यार्थिनी, आता सहकारी. सव्वीस वर्षांची. तिच्या पिढीतली मुलं आंघोळीला जाताना तेवढी कंठी काढत.

मूळ यंत्राचं नाव लांबलचक आणि जपानी होतं. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी त्याला कंठी म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. बोटभर रुंदीची काळी पट्टी, गळ्याला चिकटून बसणारी. आपण बोलतो तेव्हा घशातल्या आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या स्नायूंत बारीक विजेच्या लहरी उठतात. आवाज फुटण्याच्या आधीच उठतात. कंठी त्या लहरी वाचते, शब्द ऐकते आणि दोन्ही जुळवून माणसाला काय म्हणायचं आहे ते ताडते. मग तेच, त्याच माणसाच्या आवाजात, सफाईदार इंग्रजीतून सभागृहाच्या ध्वनियंत्रणेत सोडते. बोलणाऱ्याचं मराठी पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नाही.

पण कंठीची खरी करामत वेगळी होती. ती माणूस शिकायची. पहिले सहा महिने रोज संध्याकाळी ती दिवसभरातली काही वाक्यं समोर ठेवी आणि विचारी : हे ठेवू की गाळू? 'आमच्या तुटपुंज्या साधनांनी केलेलं हे काम आहे' : गाळ. 'काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या' : गाळ. 'आमच्याच मोजणीत काही कमी-जास्त असेल' : गाळ, गाळ. मंदाकिनीबाईंनी ही बटणं मोठ्या समाधानाने दाबली होती. बोलायला उभं राहिलं की आधी स्वतःला चार पायऱ्या खाली उतरवून घ्यायचं, हे वळण त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. आपल्या माणसांत त्याला विनय म्हणतात. परदेशात त्यामुळे लोक घड्याळाकडे बघायला लागतात.

हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या. एक्केचाळीस वर्षांपूर्वी बँकॉकला त्यांचा पहिला निबंध होता. पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळून नेलेला, भाषण पाठ केलेलं, आईची मोरपंखी साडी. भाषण कसंबसं पार पडलं. मग एका गोऱ्या गृहस्थांनी प्रश्न विचारला. एकदा, दोनदा, तीनदा. मंदाकिनीला त्यांचे उच्चार कळेनात. तिसऱ्यांदा ती हसून म्हणाली, "येस सर, थँक यू सर." सभागृह खो खो हसलं. प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर तिला तोंडपाठ होतं. पुढची किती वर्षं परिषदेचं निमंत्रण आलं की त्या काहीतरी कारण काढून नकार कळवायच्या. कंठी आल्यावर ते थांबलं.

आज दुपारी तीन वाजता जागतिक खारभूमी परिषदेत त्यांचं भाषण होतं आणि चार वाजता मतदान.

भाषण होतं मीठखाऊवर. समुद्राचा बांध फुटून ज्या शेतांत खारं पाणी शिरतं, ती वर्षानुवर्षं पडीक राहतात. मंदाकिनीबाईंनी वेळखोल गावच्या खाडीतला एक जिवाणू घेऊन त्याच्यात असा बदल केला होता की तो मातीतलं मीठ खेचून घ्यायचा आणि स्वतःभोवतीच्या चिकट साईत कोंडून ठेवायचा. पावसाळ्यात ती साय पाण्याबरोबर खाडीत वाहून जायची आणि माती गोडी व्हायची. तीन पावसाळ्यांत वेळखोलच्या खारभूमीत भात उभं राहिलं. शर्वाणी त्याच गावची. तिच्या वडिलांचं शेत पंधरा वर्षं पांढरं पडलेलं होतं. पहिलं भात आलं त्या दिवशी ते बांधावर बसून लहान मुलासारखे रडले होते.

आज समितीने होकार दिला की मीठखाऊ अकरा देशांच्या किनाऱ्यांवर सोडला जाणार होता. आणि एकदा मातीत गेलेला जिवाणू परत बोलावता येत नाही.

"मॅडम, अंडं तरी खा," शर्वाणी म्हणाली. "दुपारी चक्कर आली म्हणजे कंठी काय करेल? ती घेरीचं पण सुंदर इंग्लिश करेल."

"करेल बाई. 'डॉक्टर परुळेकर आता आपल्यासमोर आडव्या होत आहेत' म्हणून."

दोघी हसल्या. तेवढ्यात शर्वाणीचा फोन वाजला. गावाहून सुलूकाकी. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून बुधवारच्या बाजारात त्यांचे ढीग, म्हणजे वाटे, मांडून विकणाऱ्या अकरा बायकांपैकी एक, शर्वाणीची सख्खी काकी. शर्वाणीने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"गे शर्वाणी, चाय घेतलंस मां?"

"घेतलंय गे काकी. आज आमचा भाषण आसा. मॅडम हत बाजूक."

"मॅडमांक नमस्कार सांग. काल पावणे इल्ले गे. तिसऱ्यांचा सुक्या करूचा होता, तर बाजारातले तीन वाटे काढून ठेवचे लागले. आधी एका वाट्यात घरभर माणसा जेवायची. आता वाटो म्हणजे नुसती ओंजळ."

मंदाकिनीबाईंचा चमचा हातातच राहिला. त्यांनी फोन आपल्याकडे ओढला.

"सुलूताई, मी मंदाकिनी बोलतंय. वाटो बारीक झालो?"

"झालो तर! चार वर्सा झाली. खाडीच्या चिखलात बुळबुळीत काय ता पसरलासा, तिसऱ्या गावतच नाय पयल्यासारखे."

"पण वाटे तर तेवढेच आसतत. वीस."

"वीस मांडूचेच लागतत ओ. गिऱ्हायका ठरलेली. एकाक दिलो, दुसऱ्याक नाय, असा कसा चलात? मगे हयसून चार, थयसून चार काढूचे आणि वीस करूचे."

"मग आमका कधी सांगूक नाय तुमी?"

"तुमी इचारलात खंय?" सुलूकाकीला खरोखरच नवल वाटलं होतं. "वाटे किती, असा इचारलात. वीस म्हणान सांगलव."

फोन बंद झाला.

मीठखाऊची साय खाडीला बाधते का, हे तपासायला मंदाकिनीबाईंनी तिसऱ्यांचं उत्पन्न मोजलं होतं. पाच वर्षं, दर बुधवारी, अकरा बायकांपुढचे वाटे. आलेखावर एक सरळ रेघ आली होती. कंठीच्या इंग्रजीत वाट्याचं 'स्थानिक प्रमाणित एकक' झालं होतं. वाचायला किती भारदस्त वाटलं होतं ते! तपासणाऱ्या तज्ज्ञांनी त्या रेघेचं कौतुक केलं होतं.

आणि त्या स्वतः कुठल्या? मालवणच्या. लहानपणी आईचा पदर धरून मासळीबाजारात जायच्या, तेव्हा आई वाट्यासमोर उभी राहून रोज तेच भांडण भांडायची. "गो, वाटो इतको बारीक? माजराक घालतलंय की काय!" मग कोळीण कुरकुरत वर आणखी चार तिसऱ्या टाकायची. वाटा लहान-मोठा होतो हे त्यांना अ-आ-ईच्या आधीपासून ठाऊक होतं. प्रयोगशाळेत शिरताना ते ज्ञान त्यांनी चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवलं होतं.

"दर बुधवारचे फोटो आहेत ना आपल्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहेत. वाटे मोजायला काढलेले."

"वाट्यातले शिंपले मोज."

दोघी खोलीत गेल्या आणि शर्वाणीने संगणकाला कामाला लावलं. एकूण अकराशे फोटो. पाच मिनिटं लागली. पहिल्या वर्षी एका वाट्यात सरासरी बासष्ट तिसऱ्या होत्या. या वर्षी चोवीस.

शर्वाणी आधी बोलली.

"फोटोत वरच्या वरचे शिंपले दिसतात. खालचे दिसत नाहीत. आकडा कच्चा आहे."

"पहिल्या वर्षीही खालचे दिसत नव्हते."

"मॅडम, आज मंजुरी मिळू दे. आपण परत जाऊ, नीट मोजू, सहा महिन्यांत पुरवणी पाठवू."

"सहा महिन्यांत तो अकरा खाड्यांत पोचलेला असेल."

"समितीला पत्र देऊ मग."

"मतदानाच्या दिवशी कागद घेत नाहीत. तूच मला नियम वाचून दाखवलास. लेखकाने जे सांगायचं ते मंचावरून."

शर्वाणी उठून खिडकीशी गेली. बाहेर बंदरातल्या क्रेन सावकाश माना हलवत होत्या. "तुमचं काय जातं?" ती पाठमोरीच म्हणाली. "तुमची नोकरी झाली, मानसन्मान झाले. माझी नेमणूक या मंजुरीवर आहे. आणि बाबांना काय सांगू? या वर्षीपासून मीठखाऊ बंद, पुन्हा मीठच पेरा म्हणून?"

मंदाकिनीबाईंना ती रागावली आहे हे कळत होतं, आणि ती म्हणते त्यात खोटं काही नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आणि सुलूकाकीला काय सांगशील?"

शर्वाणीने संगणक मिटला.

तीन वाजता सभागृह भरलेलं होतं. सातशे माणसं. अध्यक्ष होते केनियाचे प्राध्यापक ओटिएनो. उंच, सावकाश बोलणारे, समितीचे प्रमुखही तेच. पहिल्या रांगेत शर्वाणी बसली होती, कानात मणी घालून. त्या मण्यातून तिला सभागृहातलं इंग्रजी, कंठीचंसुद्धा, उलट मराठीत ऐकू यायचं. मंदाकिनीबाई मात्र बोलताना मणी घालत नसत. आपलंच बोलणं दोनदा कानावर आलं की त्यांचा धागा तुटे.

बारा मिनिटं होती. पहिली पाच शेताची : फुटलेले बांध, मिठाचं प्रमाण, भाताचे फोटो. मग सरळ रेघेचा आलेख पडद्यावर आला.

"इथे मला थांबायला हवं," त्या म्हणाल्या. "ही रेघ चुकीची आहे. आमच्या मोजणीत मोठी चूक झाली आहे. आम्ही वाटे मोजले, वाट्यातल्या तिसऱ्या मोजल्या नाहीत. आज सकाळी आम्ही त्या मोजल्या. बासष्टाच्या चोवीस झाल्या आहेत. खाडीला बाधा होते आहे. ही चूक माझी आहे."

त्या थांबल्या. छातीवरचा दगड उतरला होता. आता कुजबुज होईल, कुणीतरी उभं राहील, अध्यक्ष भुवया उंचावतील.

सभागृहात टाळ्या वाजल्या.

चांगल्या, मनापासून वाजलेल्या टाळ्या. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी तर हसून मान डोलावली. मंदाकिनीबाई गोंधळल्या. त्यांनी शर्वाणीकडे पाहिलं. शर्वाणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. क्षणभर दोघींची नजर भिडली आणि शर्वाणीने खाली मान घातली.

मंदाकिनीबाई मागे वळल्या. पडद्याच्या तळाशी त्यांच्या बोलण्याचं इंग्रजी सरकत होतं. वाचायला त्यांना कधीच अडचण नव्हती. तिथे लिहिलं होतं : मोजणीच्या बाबतीत आम्ही स्वतःशी नेहमीच कठोर राहिलो. आज सकाळीसुद्धा आम्ही आकडे पुन्हा तपासले. खाडीची काळजी ही माझी वैयक्तिक जबाबदारी मी मानते.

कंठीने काही बिघाड केला नव्हता. ती शिकवल्याप्रमाणे वागली होती. ही बाई उभी राहिली की स्वतःला खाली उतरवते, आपली चूक आपली चूक म्हणते, आणि संध्याकाळी ते सगळं गाळायला सांगते. सहा महिने सांगितलं होतं. रोज. खुशीने.

"नाही," त्या माइकजवळ सरकून जोरात म्हणाल्या. "ऐका. हा विनय नाही. मीठखाऊ सोडू नका! मला खरंच चूक सांगायची आहे!"

मागे वळून त्यांनी वाचलं : विनयाने सांगायचं तर, मीठखाऊ सोडताना एकही चूक राहू नये, हाच माझा आग्रह आहे.

पुन्हा टाळ्या. कोपऱ्यातलं घड्याळ चार मिनिटं उरल्याचं दाखवत होतं.

मंदाकिनीबाईंनी मानेमागे हात नेले आणि कंठीची कडी काढली.

ध्वनियंत्रणेत एक खरखर उठली आणि सगळं मुकं झालं. माइक कंठीलाच बांधलेला होता. कडेने एक तंत्रज्ञ बाई दुसरी कंठी घेऊन लगबगीने आली. मंदाकिनीबाईंनी तिला हातानेच थांबवलं, तीन पायऱ्या उतरल्या आणि पहिल्या दोन रांगांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत इंग्रजी त्या वाचत होत्या, ऐकत होत्या. जिभेवर मात्र त्याला गंज चढला होता.

"प्लीज," त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "नो मशीन. ओन्ली मी. माय इंग्लिश इज बॅड. प्लीज लिसन."

मागच्या रांगा पुढे झुकल्या. कुणीतरी हसलंसुद्धा.

मग त्या बोलल्या. काळ चुकले, शब्द सापडले नाहीत, एकदा तर अर्धं वाक्य मराठीतच गेलं. ग्राफ राँग. फिशरवुमन पुट ट्वेंटी हीप्स. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत मोठा ढीग केला. फाइव्ह इअर्स बिफोर, बिग हीप. मग हात जवळ आणत आणत ओंजळीएवढे केले. नाऊ, धिस. ट्वेंटी, बट धिस. आय काउंट हीप. आय डिड नॉट काउंट शेल. मशीन इज नॉट टेलिंग यू. आय टीच मशीन नॉट टु टेल. माय मिस्टेक. रिअल मिस्टेक.

शेवटी सगळे शब्द संपले तेव्हा त्या नुसत्या ओंजळ धरून उभ्या होत्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंदाकिनीबाईंना वाटलं, आता कळलं यांना.

ओटिएनो मंचावरून उतरले. त्यांनी आपली कंठी काढून खिशात टाकली होती. ते एकेक शब्द सुटा करून, त्यांना समजेल असं बोलले.

"डॉक्टर परुळेकर, तुम्ही प्रस्ताव मागे घेत आहात?"

"येस."

"नियमाप्रमाणे दोन्ही लेखकांनी सांगावं लागतं. दुसऱ्या लेखकाने नकार दिला, तर चार वाजता मतदान होईल." ते वळले. "डॉक्टर तांडेल?"

सातशे माना पहिल्या रांगेतल्या त्या मुलीकडे वळल्या. शर्वाणी उठली. मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे विनवणीने पाहिलं नाही, कारण पोरीने काय पणाला लावायचं ते त्यांनी ठरवणं बरोबर नव्हतं. त्या फक्त थोड्या बाजूला सरकल्या, तिला उभं राहायला जागा व्हावी म्हणून.

शर्वाणी त्यांच्या शेजारी येऊन थांबली. तिचा हात गळ्याशी गेला, थबकला, पुन्हा गेला. कंठी निघाली तेव्हा तिच्या मानेवर फिकट पट्टा उमटलेला होता. इतक्या वर्षांत तिथे कधी ऊनच पडलं नव्हतं. शाळेपासून तिने सगळं कंठीतून केलं होतं. वाचायचं ते कंठी मण्यातून मराठीत सांगायची, बोलायचं ते कंठी बोलायची.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही हो."

"मराठीत बोल. मी सांगते त्यांना."

"सगळं सांगाल?"

"सगळं."

शर्वाणी ओटिएनोंकडे पाहून बोलू लागली. "बुधवारी वाटे मोजायला बहुतेक वेळा मीच जायचे. काकीच्या समोर उभी राहून मी वीस आकडा लिहायचे. वाट्यात काय आहे ते एकदाही खाली वाकून पाहिलं नाही. बाबांच्या शेतात भात आलं होतं, म्हणून मला पाहायचंच नव्हतं. आमचं चुकलं. हो, मागे घेतो."

सभागृहातल्या कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं. सगळे मंदाकिनीबाईंकडे बघत होते. त्यांनी शर्वाणीचा थंडगार हात हातात घेतला.

"शी से," त्यांनी सुरुवात केली. बुधवार सांगितला, काकी सांगितली, वीसचा आकडा सांगितला. बापाचं शेतही सांगितलं. 'खाली वाकून' या जागी मात्र शब्द अडला. इतकी वर्षं घोकलेल्या इंग्रजीत तो कुठेच सापडेना. मग त्या अडुसष्ट वर्षांच्या बाईने शर्वाणीचा हात सोडला, दोन्ही गुडघ्यांवर तळवे टेकले आणि सातशे माणसांसमोर, बाजारात टोपलीपुढे वाकावं तशी ती कमरेत खाली वाकली.

"लाइक धिस," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "शी डिड नॉट लुक लाइक धिस. आय आल्सो नॉट."